दान निष्काम असावे, निष्काळजी नसावे

॥ श्री ॥



श्रींचे दर्शन घेऊन सभामंडपातून बाहेर पडताना अनेकांचा हात नकळत दानपेटीकडे वळतो. कोणी मुलाच्या पहिल्या पगारातील काही भाग अर्पण करतो, कोणी बोललेला नवस फेडतो, कोणी दिवंगत मातेच्या स्मरणार्थ एका दिवसाच्या अन्नदानाची पावती करतो. जे दिले ते मुळात श्रींचेच होते, हा भाव त्या क्षणी देणाऱ्याच्या मनात असतो. हा भाव थोर आहे. परंतु याच वेळी काही सुजाण भाविक देणगी कक्षापाशी थांबून, थोडे संकोचून, एक प्रश्न विचारतात : “आमचा पैसा योग्य ठिकाणी पोचेल ना?”

असा प्रश्न विचारणे ही अश्रद्धा आहे काय? मुळीच नाही. ज्याला आपल्या दानाची काळजी वाटते, त्याचेच दान मनापासूनचे असते. दान हे ज्याप्रमाणे पुण्यकर्म आहे, त्याचप्रमाणे ते जोखमीचे कर्मही आहे, हे आपल्या शास्त्रकारांनी व संतांनी पूर्ण ओळखले होते. दिलेले द्रव्य भलत्याच हाती पडू शकते, दिलेली वस्तू सदोष निघू शकते, मध्यस्थ चुकू शकतो, आणि फार सावध राहू गेल्यास खरा गरजू दारातून परत जाऊ शकतो. या जोखमी ओळखून हात मोकळा कसा ठेवावा, याचा विचार या लेखात श्रींच्या कृपेने करू.

देश, काल आणि पात्र

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य म्हणून, जो परतफेड करू शकणार नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य वेळी व योग्य व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक होय. उपकाराच्या मोबदल्याची अपेक्षा ठेवून, फळावर डोळा ठेवून अथवा जिवावर येऊन दिलेले दान राजस होय. आणि अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, अपात्राला, आदर न राखता, तुच्छतेने दिलेले दान तामस होय.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. तामस दानाच्या वर्णनात भगवंतांनी दोन दोष एकत्र सांगितले आहेत. एक दोष स्थळ, काळ व पात्र न पाहण्याचा, म्हणजे अविचाराचा. दुसरा दोष घेणाऱ्याचा अनादर करण्याचा. डोळे मिटून देणारा आणि घेणाऱ्याला चोर समजून देणारा, हे दोघे गीतेच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतात. म्हणून दात्याला आणि दात्याच्या वतीने दान पोचविणाऱ्या संस्थेला एक अवघड समतोल सांभाळावा लागतो. विचार तर हवा, पण संशय नको. चौकशी तर हवी, पण अवहेलना नको.

‘फळाची आशा सोडा’ या गीतेच्या उपदेशाचा काही जण असा अर्थ लावतात, की एकदा दिले की त्याचे पुढे काय झाले हे पाहूच नये. हा अर्थ योग्य नव्हे. शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. पाऊस त्याच्या हाती नाही, हे जाणूनही तो बियाणे पाखडून घेतो, जमिनीचा पोत पाहतो, वाफसा येईपर्यंत थांबतो आणि मगच पेरणी करतो. त्यानंतरही काही दाणे पाखरे टिपतात, काही खडकावर पडतात. म्हणून तो पुढच्या वर्षी पेरणी सोडत नाही. तसेच, फळ देवाधीन आहे म्हणून किडके बियाणेही पेरत नाही. आशा सोडायची ती आपल्या लौकिकाची व मोबदल्याची. घेणाऱ्याच्या हिताची काळजी सोडायची नाही.

नृग राजाची गाय

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात नृग राजाची कथा येते. नृग हा महान दानशूर राजा. त्याने असंख्य गाई दान दिल्या. एकदा एका ब्राह्मणाला पूर्वी दान दिलेली गाय वाट चुकून राजाच्या खिल्लारात येऊन मिसळली. राजाला हे कळले नाही व त्याने तीच गाय दुसऱ्या ब्राह्मणाला दान दिली. पहिल्या ब्राह्मणाने आपली गाय ओळखली. दोघेही राजाकडे आले. दोघांचे म्हणणे खरे होते. राजाने त्या एका गाईच्या मोबदल्यात एक लक्ष गाई देऊ केल्या. परंतु दोघांपैकी एकानेही ते मान्य केले नाही व दोघेही निघून गेले. पुढे नृगाला सरड्याचा जन्म घेऊन कोरड्या विहिरीत पडून राहावे लागले. अखेरीस भगवान श्रीकृष्णांच्या हस्तस्पर्शाने त्याचा उद्धार झाला.

ही कथा ऐकताना मनाला चटका बसतो. राजाचा हेतू शुद्ध होता. त्याने चोरी केली नव्हती, लोभ धरला नव्हता. मग एवढी शिक्षा कशासाठी? कथेचे मर्म असे दिसते, की आपण जी वस्तू देतो ती देण्याचा आपल्याला निर्विवाद अधिकार आहे काय, हे पाहणे दात्याचे कर्तव्य आहे. लाखो गाई देणाऱ्याला एका गाईची नोंद क्षुल्लक वाटली असेल. पण ज्याची ती गाय होती त्याला ती क्षुल्लक नव्हती. चुकीची भरपाई नंतर लाखपट देऊनही झाली नाही. एकाच्या हक्काची वस्तू दुसऱ्याला दिली गेली, की दानातूनच दोन घरांत भांडण उभे राहते.

श्रींच्या नावे जमीन अर्पण करण्याची इच्छा धरून जे भाविक येतात, त्यांना कार्यालयाकडून सातबारा उतारा, फेरफार नोंदी व सर्व वारसांची संमती मागितली जाते, त्यामागे हीच नृग राजाची कथा उभी असते. भोगवटादार वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित होऊ शकत नाही. बहिणीचा हिस्सा न विचारता भावाने देवाला दिलेली जमीन ही श्रींची सेवा होत नाही. अशा वेळी “आधी घरातील सर्वांशी बोला, नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, मग या” असे सांगितल्याने क्वचित एखादा भाविक नाराज होतो. परंतु श्रींना भांडणाची जमीन नको, हे त्याला शांतपणे समजावून सांगावे लागते.

भूदानाचा धडा

पुराणातील कथेइतकाच बोलका अनुभव आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासातही आहे. कोकणातील गागोदे गावी जन्मलेले आचार्य विनोबा भावे १९५१ साली तेलंगणातून पदयात्रा करीत होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथील सुमारे चाळीस भूमिहीन कुटुंबांनी त्यांच्यापाशी ऐंशी एकर जमिनीची मागणी केली. विनोबांनी गावासमोर तो प्रश्न ठेवताच रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केले. तेथून भूदानाची गंगा वाहू लागली. पाच कोटी एकरांचा संकल्प घेऊन विनोबा वर्षानुवर्षे गावोगाव चालत राहिले व चाळीस लाखांहून अधिक एकरांचे दान त्यांच्या झोळीत पडले. शस्त्र व कायदा यांवाचून एवढी जमीन मागून मिळविल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळा.

परंतु पुढे असे आढळले, की दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी खडकाळ व नापीक होती, काही कज्जेदलालीत अडकलेली होती, काहींची कागदपत्रेच पूर्ण झाली नव्हती. त्यामुळे मोठा भाग कित्येक दशके भूमिहीनांपर्यंत पोचू शकला नाही. तरीही लक्षावधी एकर जमीन खरोखर वाटली गेली आणि कित्येक घरांत प्रथमच स्वतःच्या शेतातले धान्य आले.

यातून काय घ्यावे? भूदान फसले असे म्हणणे त्या महात्म्यावर व हजारो प्रामाणिक दात्यांवर अन्याय करणारे होईल. पण दान देण्याच्या क्षणाचा उत्साह आणि त्यानंतर करावी लागणारी मोजणी, पाहणी, नोंदणी व वाटपाची नीरस मेहनत, या दोहोंची सांगड घातली गेली नाही तर दान वाटेतच अडकते, हे त्यातून शिकता येते. सभेतील टाळ्यांनी दान जाहीर होते. ते पूर्ण होते तलाठ्याच्या दप्तरी आणि शेतकऱ्याच्या बांधावर.

भूक, आजार आणि पैसा

आता पात्राचा विचार करू. घेणाऱ्याची किती चौकशी करावी, याला एकच माप लावता येत नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल संत एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. तहान डोळ्यांना दिसत होती. तिला दुसऱ्या दाखल्याची गरज नव्हती. अन्न व पाणी यांच्या दानात तोतयेगिरीचा धोका फार थोडा असतो, कारण भूक नसलेला मनुष्य पोटात किती घालणार? आणि नाकारण्यातला धोका फार मोठा असतो, कारण भुकेलेला मनुष्य उद्यापर्यंत थांबू शकत नाही. म्हणून श्रींच्या अन्नछत्रात कोणालाही नाव, गाव, जात अथवा कारण विचारले जात नाही, आणि विचारले जाऊ नये.

अन्नछत्रात परीक्षा जेवणाऱ्याची नसते, अन्नाची असते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा देवस्थानांच्या प्रसादालाही लागू आहे. घरून शिजवून आणलेले पदार्थ वाटण्यासाठी स्वीकारले जात नाहीत, मुदत संपत आलेली औषधे आरोग्यसेवेसाठी घेतली जात नाहीत, याचे वाईट वाटून घेऊ नये. शेकडो लोकांच्या पंगतीत एका पातेल्याने विषबाधा झाली, तर अन्नदान करणाऱ्या पुण्यवंताच्या मनाला जन्मभराची टोचणी लागेल.

आजारपणातील साहाय्याचे माप वेगळे. येथे रक्कम मोठी असते आणि दुःख खरे असले तरी कागद खोटा असू शकतो. तसेच कागद अपुरा असला तरी दुःख खरे असू शकते. काही वर्षांपूर्वी एकाच सप्ताहात कार्यालयाकडे दोन अर्ज आले. पहिला टंकलिखित, रुग्णालयाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, दोन मान्यवरांची शिफारस, सर्व कसे जागच्या जागी. दुसरा वहीच्या फाडलेल्या पानावर, शाळकरी मुलाच्या अक्षरात. बाप ऊसतोड कामगार. पाच महिने गावाबाहेर असल्याने तहसीलदारांचा दाखला काढलेला नव्हता. दोन्ही रुग्णालयांत दूरध्वनी केला तेव्हा कळले, की पहिल्या रुग्णाचा खर्च शासकीय योजनेतून व अन्य एका न्यासाच्या मदतीतून आधीच भागला होता. दुसऱ्या रुग्णाबाबत तेथील समाजसेवा अधीक्षकांनी सांगितले, की कुटुंबाने बैल विकून पहिली रक्कम भरली आहे व शस्त्रक्रिया पैशांअभावी थांबली आहे. अधीक्षकांचे पत्र हाच दाखला मानून रक्कम थेट रुग्णालयाच्या नावे धनादेशाने देण्यात आली. सुबक कागद म्हणजे लबाडी, असा याचा अर्थ नाही. कागद ही सत्याकडे जाण्याची केवळ एक वाट आहे. दूरध्वनी, प्रत्यक्ष भेट व जबाबदार व्यक्तीचा शब्द या इतर वाटा आहेत. एक वाट बंद दिसली की दुसरी धरावी.

या संदर्भात भाविकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांच्या मोफत उपचारांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांच्या सवलतीच्या उपचारांसाठी राखून ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीही अनेक शस्त्रक्रिया होतात. जेथे रुग्णाला हक्काने उपचार मिळू शकतात, तेथे त्याला तो हक्क मिळवून देणे ही पहिली मदत. श्रींचे द्रव्य त्यानंतर, जेथे कोणतीच योजना पोचत नाही तेथे वापरावे. असे केल्याने एका रुग्णाच्या रकमेत कधी कधी तिघांचे भले होते.

तिसरे माप संस्थांना द्यावयाच्या अनुदानाचे. शाळा, वसतिगृह, गोशाळा, वाचनालय अशा अनेक संस्था साहाय्य मागतात. येथे एकाच वेळी पूर्ण रक्कम देण्याऐवजी पहिला हप्ता लहान द्यावा, काम प्रत्यक्ष पाहावे, हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र घ्यावे आणि मग पुढचा हप्ता द्यावा. हा अविश्वास नव्हे. लहान वासराला पहिल्याच दिवशी जुवाला जुंपत नाहीत; ते त्याच्याच भल्यासाठी असते. अकस्मात मोठी रक्कम हाती आल्याने चांगल्या, पण अननुभवी संस्थांची घडी विस्कटू शकते. मात्र पुढचा हप्ता ठरल्या वेळी देणे हे देणाऱ्याचेही बंधन आहे. वसतिगृहातील मुलांचे जेवण आपल्या सभेच्या तारखेसाठी थांबत नाही.

पात्राची निवड कशी करावी, याचा आदर्श श्री संत गाडगे महाराजांनी घालून दिला. दात्यांच्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःपाशी मात्र खराटा आणि मडक्याचे खापर एवढेच ठेवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याच्या हाती शिक्षणाचे कार्य निष्ठेने चालले आहे, त्याला शोधून द्यावे आणि दिल्यावर मालकीची दोरी आपल्या हाती ठेवू नये, हे त्यांनी कृतीने शिकविले.

विश्वस्त हा मालक नव्हे

दाता व घेणारा यांच्यामध्ये विश्वस्त उभा असतो. ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ अशी स्थिती देवस्थानात होऊ नये, म्हणून त्याने डोळे उघडे ठेवायचे असतात. आणि पहिली नजर स्वतःवर ठेवायची असते.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत मंदिरे, घाट, विहिरी व अन्नछत्रे उभारली. हा धर्मकार्याचा खर्च त्यांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून केला. दौलतीचा खजिना त्यापासून वेगळा ठेवला. खासगीच्या द्रव्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्याला अर्पण केले, असे परंपरेने सांगितले जाते. राज्याची सूत्रे सर्वस्वी हाती असतानाही ‘हे कोणाचे द्रव्य?’ हा प्रश्न त्यांनी दृष्टीआड होऊ दिला नाही. प्रत्येक कोषाध्यक्षाने मेजासमोर लावावा असा हा प्रश्न आहे. अन्नदानासाठी आलेली रक्कम रंगरंगोटीला वापरता येत नाही. कायम निधीला हात न लावता त्याचे केवळ व्याज खर्चावे लागते. न्यासाचा पैसा कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवावा लागतो. जादा व्याजाच्या मोहाला तेथे जागा नाही. स्थावर मालमत्तेची विक्री धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. दरवर्षी हिशेब तपासनिसांकडून तपासून घ्यावे लागतात. दानपेटी अनेकांच्या साक्षीने उघडणे, मोजदाद करणारा व नोंद करणारा वेगवेगळा असणे, धनादेशावर दोन सह्या असणे, ज्याचा नातलग अर्जदार आहे अशा विश्वस्ताने त्या निर्णयातून दूर राहणे, हे सर्व नियम कोणाला चोर ठरविण्यासाठी नाहीत. सज्जनावर खोटा आळ येऊ नये आणि दुर्बल क्षणी कोणाचा पाय घसरू नये, यासाठी ते आहेत.

येथे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण कोणी काढील. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली; ते द्रव्य त्यांचे कोठे होते? खरे आहे. परंतु दामाजीपंतांनी ते लपवून केले नाही आणि त्याची शिक्षा स्वतःच्या मस्तकावर घेण्यास ते सिद्ध झाले होते. नियम मोडण्याची वेळ आली, तर किंमत स्वतः मोजायची असते, दात्यांना अथवा गरिबांना मोजायला लावायची नसते. आणि आजच्या विश्वस्तांसाठी त्यात आणखी एक बोध आहे : दुष्काळ पडल्यावर कोठाराच्या किल्ल्या शोधत बसू नये. पूर, भूकंप, साथ अशा आपत्तीसाठी थोडा निधी आधीच राखून ठेवावा व तो कोणाच्या सहीने त्वरित देता येईल हेही आधीच ठरवून ठेवावे. म्हणजे नियमही पाळला जातो आणि भुकेला मनुष्यही वाचतो.

झारीतील शुक्राचार्य

इथवर सावधपणाचा महिमा सांगितला. आता त्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर हे विवेचन अपुरे राहील.

बळीराजाच्या यज्ञात वामन त्रिपाद भूमी मागावयास आला, तेव्हा गुरू शुक्राचार्यांनी बळीला सावध केले. भागवतात त्यांचा उपदेश आला आहे. ज्या दानाने स्वतःची उपजीविकाच धोक्यात येते त्या दानाची प्रशंसा होत नाही. आपल्या धनाचे धर्म, कीर्ती, धनवृद्धी, स्वतःचे सुख व स्वजन असे पाच वाटे करावेत, असा त्याचा आशय. हा उपदेश शहाणपणाचा होता आणि तो करणे हे गुरूचे कर्तव्यच होते. बळीने तो आदराने ऐकला, परिणाम जाणला व तरीही दिलेला शब्द पाळण्याचे ठरविले. लोककथा पुढे सांगते, की दानाचे उदक सोडताना शुक्राचार्य सूक्ष्म रूपाने झारीच्या तोंडात जाऊन बसले, पाणी अडले, दर्भाच्या टोकाने झारीचे तोंड मोकळे करताना त्यांचा एक डोळा गेला. आपल्या भाषेत ‘झारीतील शुक्राचार्य’ हा वाक्प्रचार तेथून आला. सल्ला देईपर्यंत जे आचार्य होते, ते धार अडवू लागताच अडथळा झाले.

देवस्थानांच्या कार्यालयांत बसणाऱ्या आम्हा सर्वांना ही कथा रोज आठवावी अशी आहे. ‘खर्चणाऱ्याचे खर्चते आणि कोठावळ्याचे पोट दुखते’ ही म्हणही आमच्यासारख्यांसाठीच झाली असावी. अपात्राला दिलेली मदत हिशेबाच्या वहीत दिसते, तपासनीस त्यावर लाल खूण करतात, सभेत प्रश्न विचारला जातो. परंतु ज्या विधवेला एका दाखल्यासाठी तीन वेळा परत पाठविले आणि चौथ्यांदा ती आलीच नाही, तिची नोंद कोणत्याही वहीत नसते. तिच्याबद्दल सभेत कोणी प्रश्न विचारीत नाही. म्हणून या दुसऱ्या चुकीचे भय माणसाला वाटत नाही आणि तीच चूक अधिक होते. शंभर अर्जांत दोन लबाड निघतील या भीतीने अठ्ठ्याण्णवांची वाट बिकट केली, तर त्याला सावधपणा म्हणावे की निष्ठुरपणा?

यासाठी एक साधे सूत्र धरावे. जेवढी रक्कम मोठी आणि थांबण्यास वाव जास्त, तेवढी चौकशी अधिक. जेवढी रक्कम लहान आणि निकड तीव्र, तेवढी चौकशी कमी. औषधाच्या दोन दिवसांच्या चिठ्ठीसाठी समितीची बैठक बोलावू नये. इमारतीच्या अनुदानासाठी ती टाळू नये. चौकशी करताना अर्जदाराला बसावयास खुर्ची द्यावी, पाणी विचारावे. ज्याला नाही म्हणावयाचे आहे, त्याला कारण सांगून, दुसरे दार कोणते ते दाखवून नाही म्हणावे. आणि एवढे सर्व करूनही क्वचित कोणी फसवून गेलाच, तर त्याला आपल्या पेरणीतील पाखरांचा वाटा समजावे, पुढील वेळी बांध नीट घालावा. परंतु एका लबाडाचा राग पुढच्या गरिबावर काढू नये.

दात्यांना विनंती

आता आपणासाठी चार शब्द. आपली देणगी अधिकृत देणगी कक्षात अथवा दानपेटीतच द्यावी व पावती अवश्य घ्यावी. कोणाच्या भ्रमणध्वनीवरून आलेल्या संदेशावर अथवा रस्त्यात दाखविलेल्या क्यूआर कोडवर विसंबून श्रींच्या नावे पैसे पाठवू नयेत. २०१७ सालच्या वित्त कायद्याने २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवरील आयकर सवलत बंद झाली आहे, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी. परदेशी स्थायिक झालेल्या व तेथील नागरिकत्व घेतलेल्या बांधवांची देणगी कायद्याने परकीय अंशदान ठरते. भारतीय पारपत्र असलेल्यांची तशी ठरत नाही. म्हणून पाठविण्यापूर्वी चौकशी करावी. देणगी कोणत्या कार्यासाठी आहे ते पावतीवर लिहून घ्यावे. शक्य असल्यास ‘जेथे निकड असेल तेथे’ असे लिहावे. त्यामुळे अडलेल्याची सोय लवकर होते. वार्षिक अहवाल मागून वाचावा व शंका निःसंकोच विचारावी.

आणि मुख्य म्हणजे, कर्ज काढून, मुलांचे शिक्षण थांबवून अथवा घरातील आजाऱ्याचे औषध बाजूला ठेवून देणगी देऊ नये. शुक्राचार्यांच्या उपदेशाचा तेवढा भाग प्रत्येक गृहस्थाने जरूर ऐकावा. ज्याच्या घरची चूल आपल्या दानाने विझते, त्याचे दान श्रींना कसे गोड लागेल? फूल ना फुलाची पाकळी, आनंदाने वाहिलेली, श्रींना पुरेशी आहे. ज्याच्यापाशी द्रव्य नाही त्याने अन्नछत्रात तासभर पोळ्या लाटाव्यात, पंगतीला पाणी वाढावे. त्या दानाला कोणतीच जोखीम नाही.

देणाऱ्याच्या मनात निर्मळता, पोचविणाऱ्याच्या हाती दक्षता आणि घेणाऱ्याच्या मुखावर संकोच न राहणे, ही तिन्ही जेथे एकत्र येतात तेथे श्रींचे अधिष्ठान असते. ती आपल्या सर्वांच्या ठायी नांदोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हे विवेचन पूर्ण करतो.

॥ शुभं भवतु ॥

— सचिव, विश्वस्त मंडळ कार्यालय